नोड पडला, तर आधी प्रती मोजा

स्टोरेज टीममध्ये नव्याने आलेल्या मुलामुलींना ऑन-कॉलची पहिली पाळी लागली की त्यांचा प्रश्न ठरलेला असतो: रात्री नोड पडला तर मशीन परत उभं कसं करायचं? मी बरीच वर्षं सेफचे (Ceph, अनेक मशीनवर मिळून डेटा साठवणारं सॉफ्टवेअर) क्लस्टर, म्हणजे अशा मशीनांचे (नोडांचे) गट, सांभाळते आहे आणि या प्रश्नाला माझं उत्तरही ठरलेलं आहे. मशीनचं नंतर बघू. आधी डेटाच्या किती प्रती शिल्लक आहेत ते बघा.

मशीन रिस्टार्ट करायला धावणं आपल्या अंगवळणी पडलेलं असतं, कारण एकट्या सर्व्हरवर काम करताना तेच बरोबर असतं. इथे मात्र त्याचं ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ होऊ शकतं. डेटा त्या एका मशीनमध्ये नसतोच मुळी, तो सगळ्या क्लस्टरभर पसरलेला असतो. धोका किती मोठा आहे हे पडलेल्या नोडवरून कळत नाही, उरलेल्या नोडांवरून कळतं. लिनक्स येतं, एखाददुसरा सर्व्हर चालवला आहे, पण क्लस्टर अडचणीत आलेला अजून पाहिलेला नाही, अशांसाठी हे लिहिते आहे.

सेफची तोंडओळख थोडक्यात. सेज वाइल यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ इथल्या शाखेत पीएचडीसाठी केलेल्या कामातून हे मुक्त सॉफ्टवेअर उभं राहिलं. त्यावरचा मूळ शोधनिबंध २००६ सालचा. आज क्लाउड, व्हर्च्युअल मशीन आणि कंटेनर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या खाली, म्हणजे ओपनस्टॅकच्या खाली, प्रॉक्समॉक्सच्या खाली, रूकच्या मार्फत कुबरनेटीसच्या खाली ते चालतं. सर्नसारखी संस्थाही ते मोठ्या प्रमाणावर वापरते. प्रत्येक डिस्कमागे एक ओएसडी नावाची प्रक्रिया असते. ऑब्जेक्ट, म्हणजे डेटाचे तुकडे, आधी पीजीमध्ये, म्हणजे प्लेसमेंट ग्रुपमध्ये जातात आणि प्रत्येक पीजीच्या प्रती ठरावीक ओएसडींवर ठेवल्या जातात. कोणता पीजी कुठल्या ओएसडीवर, याची यादी कुठेही लिहून ठेवलेली नसते. क्रश नावाच्या अल्गोरिदमने ते दर वेळी काढलं जातं, आणि ज्याच्याकडे क्लस्टरचा नकाशा आहे तो कुणीही ते काढू शकतो. म्हणून नोड पडला की प्रत्यक्षात घडतं ते एवढंच: मॉनिटर, म्हणजे हा नकाशा सांभाळणाऱ्या प्रक्रिया, त्याची नवी आवृत्ती काढतात आणि जो तो आपलं गणित पुन्हा करतो. ही गोष्ट नीट डोक्यात बसली की पुढचं सगळं सोपं जातं.

पहिली दहा मिनिटं

एक प्रसंग घेते. सहा नोडांचा क्लस्टर. प्रत्येक नोडमध्ये ८ टीबीच्या १२ फिरत्या डिस्क आणि दोन एनव्हीएमई (वेगवान फ्लॅश डिस्क). एकेका एनव्हीएमईवर सहा ओएसडींचा डेटाबेस. प्रती तीन, आणि क्रशचा नियम असा की एका नोडमध्ये एका पीजीची एकच प्रत. क्लस्टर साधारण ६० टक्के भरलेला. संध्याकाळी एक नोड अचानक गप्प झाला.

सेफमधले ओएसडी एकमेकांना साधारण दर ६ सेकंदांनी हाक देतात. २० सेकंद उत्तर आलं नाही की शेजारी मॉनिटरकडे तक्रार करतात, आणि किमान दोन वेगवेगळ्या नोडांवरून तक्रार आली की मॉनिटर त्या ओएसडीला ‘डाऊन’ ठरवतो. या २० सेकंदांत काही व्हर्च्युअल मशीनचं लिहिणं अडकतं; वापरकर्त्यांचे पहिले फोन येतात ते त्यामुळेच. ‘डाऊन’ झाल्यावर उरलेल्या दोन प्रतींवर काम पुन्हा सुरू होतं. अनेकदा तुम्ही लॅपटॉप उघडेपर्यंत वापरकर्त्यांची अडचण संपलेलीही असते.

‘सेफ स्टेटस’ ही कमांड दिली. हेल्थ वॉर्न, एक होस्ट डाऊन, १२ ओएसडी डाऊन, आणि त्याखाली डिग्रेडेड (कमी पडलेल्या प्रती) १६.६ टक्के. माझ्या शेजारी बसलेल्या नव्या मुलीची तो आकडा बघून पाचावर धारण बसली. कंपनीचा सहावा हिस्सा डेटा गेला असं तिला वाटलं. मी तिला म्हटलं, “आपले नोड किती?” सहा. “गेले किती?” एक. सहापैकी एक म्हणजे १६.६७ टक्के. म्हणजे जेवढ्या प्रती त्या नोडवर होत्या, बरोबर तेवढ्याच कमी झाल्या आहेत, एकही जास्त नाही. घाबरण्याचा आकडा हा नव्हे, दिलासा देणारा आकडा हा आहे. सहा नोडांच्या क्लस्टरमध्ये एक नोड पडून २० टक्के डिग्रेडेड दिसले असते, तर मात्र मी खुर्चीत सरळ बसले असते, कारण मग आणखी कुठेतरी काहीतरी गेलेलं असतं. हा भागाकार सवयीचा करून घ्या. अलर्ट आला की पहिलं काम हेच.

दुसरं बघायचं ते पीजींच्या ओळी. सहापैकी तीन नोडांवर प्रत्येक पीजी असतो, म्हणजे एक नोड गेला की साधारण निम्मे पीजी अडचणीत येतात. निम्मे ‘ॲक्टिव्ह क्लीन’ दिसतात, निम्मे ‘ॲक्टिव्ह अंडरसाइज्ड डिग्रेडेड’. यात महत्त्वाचा शब्द ‘ॲक्टिव्ह’. तो असेपर्यंत वाचणं-लिहिणं चालू आहे. एखादा पीजी ‘डाऊन’, ‘इन्कम्प्लीट’ किंवा ‘स्टेल’ दिसला, किंवा कुठे ‘अनफाउंड’, म्हणजे कुठेच न सापडणारे, ऑब्जेक्ट दिसले, तर प्रसंग वेगळा आहे. तेव्हा रात्र कितीही झाली असली तरी वरिष्ठांना उठवा.

तिसरं म्हणजे ‘सेफ ओएसडी ट्री’. पडलेले सगळे ओएसडी एकाच नोडखाली आहेत ना, याची खात्री. दोन नोडांखाली विखुरलेले दिसले तर दोष बहुधा मशीनचा नसतो. स्विच किंवा केबल बघायला लागते.

आणि मॉनिटर. पडलेल्या नोडवर मॉनिटरही चालत होता का? मॉनिटर तीन किंवा पाच ठेवतात ते बहुमतासाठी. तीनपैकी एक गेला तरी कोरम, म्हणजे हे बहुमत, टिकतो, पण आता दुसरा गेलेला चालणार नाही. म्हणजे त्या रात्री उरलेल्या दोन मॉनिटर नोडांवर कुणीही पॅच लावू नये, रीबूट करू नये. टीमच्या चॅटवर मी हे पहिल्या पाच मिनिटांत लिहिते. पडलेल्या मॉनिटरची काळजी त्याहून जास्त करायचं कारण नाही. कोरम शाबूत असेल तर जुना काढून नवा जोडला की तो बाकीच्यांकडून सगळी माहिती स्वतः भरून घेतो.

थांबायचं की बरं होऊ द्यायचं

‘डाऊन’ आणि ‘आउट’ यांतला फरक या कामाच्या मुळाशी आहे. ‘डाऊन’ म्हणजे ओएसडी उत्तर देत नाही, पण त्याची जागा राखून ठेवलेली आहे. ‘आउट’ म्हणजे आता त्याच्यावर भिस्त नाही, त्याच्या वाटच्या प्रती दुसरीकडे बनवा. डाऊन झाल्यापासून ६०० सेकंदांनी मॉनिटर आपणहून ओएसडीला आउट करतो. ही दहा मिनिटं तुमच्या निर्णयासाठी आहेत. (अख्खा रॅक एकदम गेला तर मात्र सेफ मूळ सेटिंगप्रमाणे आपणहून आउट करत नाही. दोष विजेचा किंवा स्विचचा असणार, हे त्यात गृहीत आहे. ही मर्यादा नोडपर्यंत खाली आणता येते आणि काही टीम तसं करतातही. तुमच्याकडे काय आहे ते पाळी लागण्याआधीच बघून ठेवा.)

आउट होऊ द्यायचं नसेल तर ‘नोआउट’ फ्लॅग लावतात. तो अख्ख्या क्लस्टरवर न लावता ‘सेट-ग्रुप’ वापरून त्या एका होस्टपुरताच लावावा, असा माझा आग्रह असतो. कारण रात्रीत दुसऱ्या नोडची एखादी डिस्क उडाली, तर तिची दुरुस्ती तरी आपोआप सुरू व्हायला हवी.

आता लावायचा की नाही? बरेच जण सवयीने लावतात, ‘उगाच डेटा फिरायला नको’ म्हणून. मला हे पटत नाही. नोआउट लावलेला असेपर्यंत निम्मे पीजी दोन प्रतींवर जगत असतात. त्यातल्या एखाद्याची दुसरी प्रत गेली की उरते एक, आणि मिन-साइज (काम चालू ठेवायला लागणाऱ्या किमान प्रती) दोन असल्यामुळे तो पीजी काम थांबवतो. तुम्ही नेटवर्कवरचा भार वाचवता आणि त्याच्या बदल्यात धोक्याची वेळ वाढवता. माझा नियम साधा आहे. मशीन तासाभरात परत येणार याची खात्री असेल, म्हणजे कर्नल पॅनिक झालं आहे, मेमरीची पट्टी बदलायची आहे आणि पट्टी हातात आहे, तर नोआउट. नसेल तर क्लस्टरला बरं होऊ द्या. प्रती पुन्हा बनायला लागल्यावर नोड मध्येच परत आला तरी काही वाया जात नाही. त्याच्याकडच्या जुन्या प्रती तपासून फक्त बदललेले ऑब्जेक्ट त्याला दिले जातात.

त्या संध्याकाळी आयपीएमआयवरून (मशीन बंद असतानाही ते दुरून बघण्याची सोय) बघितलं तर मशीनला वीज मिळत होती, पण ते चालू होत नव्हतं. नवी मुंबईतल्या डेटा सेंटरच्या तंत्रज्ञाला फोन लावला.

“मॅडम, दोन्ही पॉवर सप्लायचे दिवे हिरवे आहेत. बटण दाबलं की पंखे एकदा फिरतात आणि बंद पडतात.”

“दादा, केबल काढून दोन मिनिटांनी परत लावून बघा. डिस्कला मात्र अजून हात लावू नका.”

तेही करून झालं. फरक पडला नाही. मदरबोर्ड गेल्याची चिन्हं होती. त्याच मॉडेलचं रिकामं मशीन स्टोअरमध्ये होतं, पण ते आत न्यायचा गेट पास सकाळी मिळणार होता. म्हणजे तासाभराचा प्रश्न नव्हता. नोआउट लावला नाही.

लावला नाही हे ठरवण्याआधी एक हिशेब केला, आणि तो केल्याशिवाय कुणीही बरं होऊ देण्याचा निर्णय घेऊ नये: जागा पुरते का? सहा नोड ६० टक्के भरलेले, तर पाच नोडांवर तोच डेटा ७२ टक्के होतो. चालेल. समजा पाच नोडांचा क्लस्टर ७० टक्के भरलेला असता, तर उरलेल्या चारांवर सरासरी ८७.५ टक्के झाली असती. सेफमध्ये ८५ टक्क्यांना ‘नियरफुल’ची सूचना येते, ९० टक्क्यांना त्या ओएसडीवर बॅकफिल (प्रती नव्याने भरणं) थांबतं आणि ९५ टक्क्यांना लिहिणंच बंद होतं. एक ओएसडी ९५ च्या वर गेला तरी त्याच्यावरचे पूल (डेटाचे वेगवेगळे कप्पे) लिहू देत नाहीत. सरासरी ८७.५ असताना काही डिस्क ९० च्या पुढे असणारच, कारण वाटप कधीच अगदी समान नसतं. म्हणून ‘सेफ ओएसडी डीएफ ट्री’मध्ये सरासरी बघू नका, सगळ्यात भरलेली डिस्क बघा.

मॅनेजर विचारतात, “किती वेळ?” त्याचंही गणित आहे. एका नोडवर ९६ टीबीच्या ६० टक्के म्हणजे ५७.६ टीबी डेटा. १० गिगाबिटच्या एकाच लिंकवरून सेकंदाला सव्वा जीबीने गेला तरी जवळजवळ १३ तास. प्रत्यक्षात पाच नोड एकमेकांना एकाच वेळी देत-घेत असतात, त्यामुळे वेळ कमी होतो. फिरत्या डिस्क आणि वापरकर्त्यांचं काम तो पुन्हा वाढवतात. अशा वेळी उत्तर ‘तासाभरात’ नसतं, ‘उद्या’ असतं, आणि ते पहिल्याच फोनवर स्पष्ट सांगितलेलं बरं. क्विन्सी आवृत्तीपासून वेगाचा ताबा एमक्लॉक या शेड्युलरकडे आहे. त्यात वापरकर्त्यांना झुकतं माप देणारी, रिकव्हरीला झुकतं माप देणारी आणि मधली, अशी तीन प्रोफाइल आहेत. रात्री रिकव्हरीचं लावावं, सकाळी कामकाज सुरू होण्याआधी परत फिरवावं. इंटरनेटवर सापडलेल्या जुन्या लेखांतले ‘मॅक्स बॅकफिल’चे आकडे नव्या आवृत्तीत तसेच्या तसे लागू होत नाहीत, तेवढं लक्षात ठेवा.

डिस्क नव्या घरात

सकाळी रिकामं मशीन रॅकमध्ये बसवलं आणि जुन्यातल्या सगळ्या डिस्क त्यात हलवल्या. हे करता येतं याचं नव्या मुलांना फार आश्चर्य वाटतं. ओएसडीची ओळख मशीनमध्ये नसते, डिस्कवरच्या एलव्हीएमच्या टॅगमध्ये असते: कुठल्या क्लस्टरचा, कितव्या क्रमांकाचा, त्याचा डेटाबेस कुठल्या एनव्हीएमईच्या कुठल्या तुकड्यावर. म्हणून स्लॉटचा क्रम बदलला तरी बिघडत नाही. मी तरीही तंत्रज्ञाला प्रत्येक डिस्कवर जुन्या स्लॉटचा क्रमांक चिकटपट्टीवर लिहायला सांगते. पुढे एखादी डिस्क दिसली नाही तर तीच चिठ्ठी उपयोगी पडते.

पण एनव्हीएमई विसरून चालणार नाही. ब्लूस्टोअरमध्ये, म्हणजे ओएसडी डिस्कवर डेटा ठेवतो त्या पद्धतीत, ऑब्जेक्टचा मजकूर फिरत्या डिस्कवर आणि तो कुठे आहे याची नोंद रॉक्सडीबी या डेटाबेसमध्ये, म्हणजे एनव्हीएमईवर. दोन्हींपैकी एक नसेल तर ओएसडी उघडतच नाही. याचीच दुसरी बाजू अशी की एक एनव्हीएमई मेली की तिच्यावरचे सहाही ओएसडी गेले असं धरायचं, मग त्या सहा डिस्क कितीही ठणठणीत असोत. जाहिरातीत वेगासाठी सांगितली जाणारी ही रचना विकत घेताना हे गणित कुणी सांगत नाही.

नव्या मशीनवर तीच ऑपरेटिंग सिस्टिम, तेच होस्टनेम, तोच आयपी. मग चार गोष्टी, ज्यांवर माझा सगळ्यात जास्त वेळ जातो. पहिली घड्याळ: मॉनिटरांमध्ये ०.०५ सेकंदांपेक्षा जास्त फरक सेफ खपवून घेत नाही, म्हणून घड्याळ जुळवणारी क्रॉनी चालू आहे ना ते बघा. दुसरी एसएसएच: सेफएडीएमची (क्लस्टर उभारण्या-सांभाळण्याचं सेफचं साधन) सार्वजनिक किल्ली नव्या मशीनवर ठेवावी लागते. तिसरी पॉडमन किंवा डॉकर, आणि एलव्हीएमची पॅकेजेस.

चौथी एमटीयू, म्हणजे नेटवर्कवरच्या एका पॅकेटचा कमाल आकार, आणि हिच्याबद्दल थोडं जास्त लिहिते. स्टोरेजच्या नेटवर्कवर बहुतेक ठिकाणी ९००० चा एमटीयू असतो. नव्या मशीनवर किंवा स्विचच्या नव्या पोर्टवर तो १५०० च राहिला, तर साधा पिंग जातो, एसएसएच होतं, सगळं छान दिसतं. ओएसडी मात्र वर येतात, पुन्हा डाऊन होतात, पीजी पीअरिंगमध्ये (प्रतींचा आपसात मेळ घालण्यात) अडकतात, आणि आतापर्यंत सुरळीत चाललेले वापरकर्तेही अडकतात. म्हणजे बरा होत आलेला क्लस्टर आपण नवा नोड जोडून आजारी पाडला, असं होतं. त्यामुळे ओएसडी चालू करण्याआधी ८९७२ बाइटचा पिंग, तुकडे न करण्याच्या अटीसह, प्रत्येक नोडकडे पाठवून बघायचा. ८९७२ का, तर ९००० मधून आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८ बाइट वजा. हा पिंग गेला की मगच पुढे.

त्यानंतर ‘नोरिबॅलन्स’ फ्लॅग लावला आणि ‘सेफ सेफएडीएम ओएसडी ॲक्टिव्हेट’ही कमांड होस्टच्या नावासह दिली. ती एलव्हीएमचे टॅग वाचते, मॉनिटरकडून किल्ल्या आणते आणि एकेक ओएसडी उभा करते. १२ ओएसडी एकेक करून वर येत असताना दर वेळी क्लस्टरने नव्याने डेटा हलवू नये म्हणून तो फ्लॅग. डिग्रेडेड पीजींची दुरुस्ती त्यानेही थांबत नाही. बाराही वर आले, काही मिनिटं स्थिर राहिले, मग फ्लॅग काढला.

आता ‘सेफ स्टेटस’मध्ये डिग्रेडेड शून्य आणि मिसप्लेस्ड बराच मोठा आकडा दिसतो. डिग्रेडेड म्हणजे प्रत कमी आहे. मिसप्लेस्ड म्हणजे प्रती पूर्ण आहेत, फक्त ठरलेल्या जागी नाहीत. दुसऱ्यात धोका नाही. ते दिवसभर चालू राहिलं तरी चालतं; त्याला घाई करून वापरकर्त्यांची गती कमी करू नका.

डिस्कच मेली असेल तर तिच्यापुरता मार्ग वेगळा. तिथे ‘डिस्ट्रॉय’ आणि ‘पर्ज’ यांत निवड करायची असते. डिस्ट्रॉय केलं की ओएसडीचा क्रमांक आणि क्रशमधली जागा राहते आणि नवी डिस्क तिथेच बसते. पर्ज केलं की क्रशमधून नाव जातं, त्या नोडचं वजन कमी होतं आणि त्यापायी डेटा आणखी एकदा हलतो. नवी डिस्क जोडली की पुन्हा. बदली डिस्क येणार असेल तर डिस्ट्रॉय, नोड कायमचा काढायचा असेल तर पर्ज. दोन्हींच्या आधी ‘सेफ टू डिस्ट्रॉय’ (इथे ‘सेफ’ म्हणजे सुरक्षित) विचारून घ्यायचं. हा प्रश्न क्लस्टरलाच विचारता येतो आणि तो खरं उत्तर देतो.

हात लावू नये अशा गोष्टी

सेफच्या काही कमांडना शेवटी ‘येस आय रिअली मीन इट’ असं लिहावं लागतं. लिहिणाऱ्यांनी ते विनोदासाठी ठेवलेलं नाही. पीजी अडकला की इंटरनेटवर पहिला सल्ला मिळतो तो मिन-साइज एक करण्याचा. त्याने काम सुरू होतं हे खरं, पण नवं लिहिणं एकाच डिस्कवर जातं आणि ती गेली की ते कुठेच उरत नाही. ‘ओएसडी लॉस्ट’ म्हणजे त्या डिस्कवर जे काही होतं ते सोडून द्यायला तुम्ही सेफला परवानगी देता. अनफाउंड ऑब्जेक्ट ‘लॉस्ट’ ठरवून जुन्या आवृत्तीवर नेणं किंवा पुसणं, तेही तसंच. या तिन्ही गोष्टी कधी कधी कराव्या लागतात, पण पडलेली डिस्क वाचवण्याचे सगळे उपाय संपल्यावर, दोघांनी मिळून आणि कुणाचा डेटा जाणार आहे त्याला सांगून. ज्या डिस्कवर एकुलती एक प्रत असू शकते, ती ‘झॅप’ (पूर्ण साफ) तर कधीच करू नका. डेटा सेंटरमधून बाहेर निघालेली खराब डिस्कसुद्धा क्लस्टर ‘ॲक्टिव्ह क्लीन’ होईपर्यंत फेकू नका.

तीन नोडांच्या क्लस्टरबद्दल स्वतंत्र सांगायला हवं, कारण छोट्या कंपन्यांत, विशेषतः प्रॉक्समॉक्सवर, तेच जास्त भेटतात. तीन प्रती, तीन नोड, एका नोडमध्ये एक प्रत. एक नोड गेला तर तिसरी प्रत बनवायला जागाच नसते. तुम्ही कितीही वाट बघा, डिग्रेडेड ३३.३ टक्क्यांवरून हलणार नाही. यात काही अडकलेलं नाही. नियम पाळला जातो आहे. क्लस्टर आपणहून बरा व्हायला चौथा नोड लागतो. पूर्ण प्रतींऐवजी डेटाचे आणि पॅरिटीचे तुकडे ठेवणाऱ्या इरेझर कोडिंगचंही तसंच: चार अधिक दोन तुकड्यांच्या पूलला नोडच्या पातळीवर सहा नोड किमान लागतात, आणि नेमके सहाच असतील तर एक गेल्यावर दुरुस्तीला जागा नाही.

नोकरीकडे जाताना

मुलाखतीत मी हाच प्रश्न विचारते: तीन नोडांचा क्लस्टर आहे, एक गेला, सकाळपर्यंत काय होईल? ‘रीबॅलन्स होऊन नीट होईल’ हे पाठ केलेलं उत्तर बहुतेक जण देतात. ‘प्रती किती, आणि फेल्युअर डोमेन काय?’ (म्हणजे प्रती वेगळ्या डिस्कवर, वेगळ्या नोडवर की वेगळ्या रॅकवर) असं उलट विचारणारा उमेदवार मला हवा असतो, मग त्याने सेफ आयुष्यात फक्त स्वतःच्या लॅपटॉपवर चालवलेलं असलं तरी चालेल. पुण्यात या कामाला वाव आहे. इंकटँक ही सेफमागची कंपनी रेड हॅटने २०१४ मध्ये घेतली, २०२३ मध्ये रेड हॅटची ती स्टोरेज टीम आयबीएमकडे गेली, आणि दोन्हींची पुण्यात कार्यालयं आहेत. त्याशिवाय स्वतःचा खासगी क्लाउड चालवणाऱ्या कंपन्यांना अशी माणसं लागतात. जाहिरातीत ‘सेफ’ हा शब्द नसेलही. ‘स्टोरेज इंजिनिअर’, ‘एसआरई’, ‘क्लाउड सपोर्ट’ या नावांखाली बघा. एलव्हीएम, सिस्टिमडी आणि नेटवर्किंग पक्कं असेल तर सेफ शिकायला अवघड नाही. उलटा प्रवास मात्र फार कष्टाचा होतो.

सराव घरीच करा. १६ जीबीचा लॅपटॉप असेल तर तीन-तीन जीबीची चार व्हर्च्युअल मशीन, प्रत्येकात ऑपरेटिंग सिस्टिमची एक आणि डेटाच्या दोन छोट्या डिस्क. ओएसडीची मेमरी मूळ सेटिंगमध्ये ४ जीबी धरलेली असते, ती आधी उतरवा, नाहीतर मशीन गुदमरतील. ‘राडोस बेंच’ या सेफच्याच चाचणीच्या कमांडने थोडा डेटा भरा. मग एक मशीन बंद करा, खरोखर वीज गेल्यासारखं, शटडाउन न करता. कमांड देण्याआधी कागदावर लिहा: डिग्रेडेड किती टक्के दिसेल, पीजींपैकी किती अंडरसाइज्ड होतील, दहा मिनिटांनी काय बदलेल. मग ताडून बघा. चार नोडांवर २५ टक्के यायला हवेत. पीजींचं उत्तर तुम्ही काढा.

पुढचा सराव थोडा दमवणारा आहे, पण तोच खरा. एका मशीनची ऑपरेटिंग सिस्टिमची डिस्क पुसून टाका, डेटाच्या डिस्क तशाच ठेवा, आणि नव्या सिस्टिमवरून ते दोन ओएसडी जिवंत करा. नंतर तेच पुन्हा करा, पण या वेळी त्या मशीनचा एमटीयू मुद्दाम चुकीचा ठेवून, म्हणजे बिघडलेलं पीअरिंग कसं दिसतं ते ओळखीचं होईल. नंतर ‘नियरफुल’ आणि ‘बॅकफिलफुल’च्या मर्यादा खाली आणून बॅकफिल अर्ध्यावर थांबताना बघा. दर वेळी वेळेसह टिपण ठेवा: कितीला काय दिसलं, काय ठरवलं, का. आमच्याकडे मुलाखतीला येताना असं चार-पाच पानांचं टिपण कुणी आणलं तर आम्ही तेच उघडून बसतो, बायोडेटा बाजूला राहतो.

आणि टिपणाच्या शेवटच्या ओळीत फ्लॅग तपासल्याची नोंद असू द्या. ‘नोआउट’, ‘नोरिबॅलन्स’ काढायचे राहिले तर ‘सेफ स्टेटस’ पिवळाच राहतो, लोकांच्या नजरेला त्या पिवळ्याची सवय होते, आणि पुढची डिस्क उडते तेव्हा ती कुणाच्याच लक्षात येत नाही.